वस्तीतली वकील

पहाटे ५:१०

चूल पेटली आहे. भोकरदन तालुक्यातलं गाव, गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी भिल्ल वस्ती. काही घरं पत्र्याची, काही घरकुलाची, दोन-चार अजून कुडाची. मार्चचा पहिला आठवडा आहे. दुपारी ऊन चटके देतं, पण या वेळी अंगावर पांघरूण लागतं.

वकीलताई भाकरी थापतात. पाच भाकरी आणि मिरचीचा ठेचा. दोन भाकरी डब्यात, दोन अण्णांना, एक माय शेतावर घेऊन जाईल. मायला हरभरा सोंगायला जायचं आहे. अण्णा खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळतात. आयुष्यभर त्यांनी सालगडी म्हणून काम केलं. पाडवा जवळ आलाय. पाडव्याला साल फिरतं. मालकानं निरोप धाडलाय, यंदा धरणार की नाही ते सांगा.

“नाही म्हणून सांगा,” वकीलताई भाकरी उलटताना म्हणतात.

अण्णा काही बोलत नाहीत. वर्षाची उक्ती रक्कम, ज्वारीची पोती आणि पाडव्याला थोडी उचल. एवढं सोडायचं म्हणजे घरातला हिशेब नव्यानं मांडायचा.

ताईंचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या दिवसात त्यांच्या पक्षकारांच्या गोष्टी येतात आणि त्या गोष्टी त्यांच्या मालकीच्या नाहीत. वस्ती त्यांना वकीलताई म्हणते, तेवढं पुरे.

सकाळी ६:२०

दोन पिशव्या भरल्या जातात. एकीत फाइली, डबा, पाण्याची बाटली. दुसरीत घडी घातलेला काळा कोट, गाऊन, पांढरा बँड, आणि एका प्लास्टिकच्या डबीत शाईचा पॅड. अंगठ्याच्या ठशासाठी. सोबत ओलं फडकं. कोर्टाबाहेर शाई असते, पण बोट पुसायला कुणी काही देत नाही. म्हातारी माणसं शाईचं बोट धोतराला, लुगड्याला पुसतात आणि डाग तसाच राहतो. ताई फडकं स्वतः आणतात.

एक जाड पुस्तकही आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि कलमांचे आकडे बदलले. सत्र न्यायालयातला जामीन आधी ४३९ होता, आता ४८३ झाला. जुनी पुस्तकं रद्दीत घालावी लागली. नवीन घ्यायला पैसे लागले.

सकाळी ६:३५

फाट्यावर एसटी येते. कंडक्टर ओळखीचे आहेत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ताई सांगतात, आधी आठवड्यातून तीनदाच जालन्याला जाणं परवडायचं, आता पाच दिवस जाता येतं. सरकारच्या बऱ्याच योजनांचा उपयोग कुठे झाला ते शोधावं लागतं. या योजनेचा उपयोग शेजारच्या सीटवर बसलेला दिसतो.

राजूरला गणपतीच्या भाविकांची गर्दी आत शिरते. ताई फाइल मांडीवर उघडतात. हादरे बसत असताना पेन्सिलीनं खुणा करतात. मधेच मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये आजचा बोर्ड पाहतात. आज तीन प्रकरणं. एक जामिनाचं, एक दिवाणी दाव्याची नुसती तारीख, एक सीनियर वकिलांचं.

मी विचारतो, वकीलच का?

“अण्णांना मालकानं एकदा एका कागदावर अंगठा द्यायला लावला होता. मी सातवीत होते. कागदावर काय लिहिलंय ते गावात कुणी वाचून सांगेना. मास्तरपण नाही.” थोडं थांबून म्हणतात, “तेव्हा वकील हा शब्द माहीत नव्हता. कागद वाचणारं माणूस पाहिजे, एवढंच वाटलं.”

सकाळी ८:२५

जालना. बसस्टँडवरून शेअर रिक्षा, वीस रुपये. सीनियर वकिलांचं कार्यालय म्हणजे जुन्या घराची पुढची खोली. कपाटात फाइली, भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर काच. ताई झाडून घेत नाहीत, तो नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात केला. फाइली मात्र त्याच लावतात. तारखेप्रमाणे, कोर्टाप्रमाणे.

महिन्याला सहा हजार मिळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये एक परिपत्रक काढलं. ज्युनियरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत, अशी शिफारस केली. ती शिफारसच होती. जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी ती भिंतीवर लावलेली मला दिसली नाही.

सनदेची गोष्टही इथेच कळते. वकील कायद्यात नोंदणीची फी लिहिलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल अनेक वर्षं हजारोंनी घेत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्यायची. निकाल पुढच्यांसाठी होता. ताईंची नोंदणी त्याच्या आधीची. त्या पैशासाठी मायचे चांदीचे वाळे गहाण पडले. ते दीड वर्षानं सोडवून आणले. आता ते मायच्या पायात आहेत, सकाळी मी पाहिले.

सकाळी १०:१५

कोर्टाचं आवार. लिंबाखाली टायपिस्टांची टेबलं, नोटरींच्या छत्र्या, झेरॉक्सचा गाळा, चहावाला. टायपिंग चाळीस रुपये पान, झेरॉक्स दोन रुपये, चहा दहा.

एक मामा आणि त्यांचा मुलगा वाट पाहत उभे आहेत. मुलाचं आयटीआयला जायचं चाललंय, त्याला जातीचा दाखला पाहिजे. मामांच्या हातात पाचशेचा मुद्रांक आहे. कुणीतरी सांगितलं, याच्यावर प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

“कुठून घेतला मामा?”

“ते काय, त्या पोरानं आणून दिला. सहाशे घेतले.”

ताई डोळे मिटतात, उघडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभरचा मुद्रांक बंद होऊन पाचशेचा आला. पण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढायला सरकारी कार्यालयात जे प्रतिज्ञापत्र द्यायचं त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. २००४ पासूनच माफ आहे. साध्या कागदावर चालतं. हे ज्याला माहीत आहे त्याचे सहाशे वाचतात, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचा मुद्रांक होतो.

“बिनवापराचा आहे, परत करता येतो का बघू,” त्या म्हणतात. “पैसे कापून मिळतील, वेळही लागेल. पण सोडायचे नाहीत.”

मामांना वाटतं, ताई रागावल्या. “आमाला काय कळतंय बाई,” ते म्हणतात. मग ताई तिथेच कट्ट्यावर बसून कोऱ्या कागदावर हातानं प्रतिज्ञापत्र लिहितात. शाईचा पॅड, अंगठा, ओलं फडकं. पैसे घेत नाहीत. मामा पिशवीतून मोसंबी काढून देतात. ती घेतात.

सकाळी ११:००

पुकारा सुरू होतो. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, नियमात तशी सूट आहे. ताई तरी घालतात. “मी कोट काढला की मला पक्षकार समजतात,” त्या म्हणतात. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. बोर्डावरचा क्रमांक सांगावा तसं सांगतात.

दिवाणी दाव्यात समोरच्या बाजूनं मुदत मागितली. पुढची तारीख एप्रिलात. चार मिनिटं. पक्षकार तीस किलोमीटरवरून आला होता, त्याची आजची रोजी बुडाली. ताई त्याला तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतात.

दुपारी १२:४०

जामिनाचं प्रकरण पुकारलं जातं. वस्तीशेजारच्याच गावचा एकवीस वर्षांचा पोरगा. ट्रॅक्टरची बॅटरी चोरल्याचा आरोप. जामीन मंजूर होऊन महिना उलटलाय. पंचवीस हजारांचा जामीनदार द्या, असा आदेश. पोरगा अजून आतच आहे, कारण जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर ऐपतीचा दाखला. त्याच्या ओळखीत ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते सगळे मालक लोक. त्यांतला कुणी भिल्लाच्या पोराला जामीन राहायला कोर्टात येत नाही.

ताईंचा युक्तिवाद लहान आहे. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी असं कलम ४८४ म्हणतं. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला याच अडचणीवर निर्देश दिले. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं अटी शिथिल करायचा विचार करावा. त्या निर्देशांआधी दोनच महिने, २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सरन्यायाधीशांसमोर अशाच कैद्यांबद्दल बोलल्या होत्या. किरकोळ गुन्ह्यात आत गेलेली, पैसा नाही म्हणून बाहेर न येणारी माणसं. भाषण लिहून आणलेलं होतं, पण हा भाग त्या मनातून बोलल्या. संथाळ घरात जन्मलेली बाई त्या जागी होती म्हणून तो विषय त्या सभागृहात निघाला, असं मला वाटतं. ताईंनी ते भाषण मोबाइलवर साठवून ठेवलंय. कोर्टात मात्र त्या फक्त निर्देशांची प्रत देतात.

सरकारी वकील विरोध करतात, फार जोर न लावता. न्यायाधीश कागद वाचतात. वरचा पंखा करकरतो. पाठीमागच्या बाकावर पोराची आई बसली आहे. तिला एक शब्द कळत नाही, ती फक्त ताईंच्या पाठीकडे बघते आहे.

आदेश होतो. पंधरा हजारांचा जातमुचलका. जामीनदार आणायला सहा आठवड्यांची मुदत. तोवर बाहेर.

ताई वळून तिच्याकडे बघत मान हलवतात. बाई उभी राहते आणि तिथेच पुन्हा बसते.

आता खरं काम. आदेशाची प्रत, मुचलक्याचा फॉर्म, शिरस्तेदारांची सही, सुटकेचा आदेश, तो संध्याकाळच्या आत कारागृहात पोचायला हवा. एक सही राहिली तर आणखी एक रात्र. ताई तीन जिने चढतात, उतरतात, पुन्हा चढतात.

दुपारी २:१०

वकिलांच्या खोलीत डबा. कुणी पोळी-भाजी, कुणी बाहेरून मागवलेली मिसळ. ठेच्याचा वास सुटला की दोघं-तिघं हात पुढे करतात. गप्पा निवडणुकीच्या. एक ज्येष्ठ वकील म्हणतात, “मॅडम, तुम्ही उभ्या राहा. बोलता चांगलं. आदिवासी, त्यात महिला, त्यात वकील.”

“कुठून उभी राहू सर?” ताई विचारतात.

खोली जरा गप्प होते, कारण प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ जण जातात, त्यांत अनुसूचित जमातीसाठी चार जागा. नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. विधानसभेच्या २८८ पैकी २५. त्यांत मराठवाड्यातली एकही नाही. जालना जिल्ह्यातल्या पाच मतदारसंघांपैकी बदनापूर राखीव आहे, पण ते अनुसूचित जातीसाठी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले आदिवासी दोन टक्क्यांच्या थोडेच वर, आणि तेही भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी असे विखुरलेले. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत जालन्याचं एकही गाव नाही, म्हणून पेसा कायदाही इथे लागू नाही. जालन्याची लोकसभेची जागा खुली. १९९९ पासून पाच वेळा रावसाहेब दानवे तिथून गेले, २०२४ ला डॉ. कल्याण काळे.

आदिवासी वकील दिल्लीला गेलेच नाहीत असं नाही. ताई ज्यांचं नाव घेतात ते चिंतामण वनगा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातल्या कवाडा गावचे. शिकून वकील झाले. तलासरी-डहाणू हा लाल बावट्याचा मुलूख. १९४५ पासून वारल्यांचा लढा तिथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी उभा केला. त्या मुलखात वनगांनी भाजपचं काम धरलं. १९९६ ला डहाणूतून लोकसभेवर गेले. १९९८ ला जागा काँग्रेसकडे गेली. १९९९ ला वनगांनी परत मिळवली. २००४ ला पुन्हा काँग्रेसकडे. मग डहाणू मतदारसंघच गेला, पालघर आला. २००९ ला ते विक्रमगडचे आमदार झाले, २०१४ ला पालघरमधून खासदार. ३० जानेवारी २०१८ ला दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन आदल्याच दिवशी सुरू झालं होतं.

मला या कारकिर्दीत विजयांपेक्षा मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. जागा हातची गेली, पण ती राखीवच राहिली. पुढच्या वेळी उमेदवार आदिवासीच लागणार होता, म्हणून पक्षालाही त्यांच्याकडे यावं लागलं. हरून परत उभं राहायची सोय त्या जागेनं दिली. नंदुरबारकडे ॲड. के. सी. पाडवींचं तसंच. अक्कलकुव्याच्या बाजूनं पुन्हापुन्हा आमदार, २०१९ ते २०२२ आदिवासी विकास मंत्री. शपथ घेताना ठरलेल्या मजकुरापलीकडे जास्त बोलले म्हणून राज्यपालांनी त्यांना शपथ पुन्हा घ्यायला लावली होती. २०२४ ला त्यांचे चिरंजीव ॲड. गोवाल पाडवी, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे, पहिल्याच निवडणुकीत दोन वेळच्या खासदार डॉ. हीना गावितांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवून लोकसभेत गेले.

“त्यांच्याकडं निदान जागा होती,” ताई म्हणतात. “इथं पंचायत समितीचा एखादा गण सुटला तर सुटला. नाहीतर ग्रामपंचायतीचा वॉर्ड. तो पुढच्या वेळी फिरतो.” डबा बंद करतात. “म्हणून मी आधी निवडून आलेल्यांना वाचवते.”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही. रात्री कळलं.

दुपारी ३:३०

जिल्हाधिकारी कार्यालय. उन्हात चालत, रिक्षाचे वीस रुपये वाचवून. गायरानाचं प्रकरण. अंबड तालुक्यातली नऊ भिल्ल कुटुंबं तीन पिढ्यांपासून एक पड जमीन कसतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची ठरली. म्हणजे त्या तारखेआधी ताबा होता याचा पुरावा पाहिजे. पुरावा काय असणार? दंडाच्या पावत्या. पीकपाहणीतली नोंद. जमीन कसल्याबद्दल ज्यांना तेव्हा दंड झाला त्यांच्याकडे आज पुरावा आहे. ज्यांच्याकडे तलाठ्यानं दुर्लक्ष केलं, त्यांच्याकडे काहीच नाही.

नऊपैकी सहा घरांना पावत्या सापडल्यात. एक पावती देवाच्या तसबिरीमागे होती. ताई सहांचे अर्ज एका गठ्ठ्यात देतात, तिघांचे वेगळे. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून घेतात. प्रत्येक प्रतीवर. कारकून म्हणतो, एकावर मारला ना. ताई प्रती सरकवत राहतात. नऊ शिक्के होतात.

बाहेर जिन्यावर मी विचारतो, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जात नाही असा कायदा आहे ना?

“आहे. महसूल संहितेचं ३६ आणि ३६-अ. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गेलेली जमीन परत द्यायचा कायदा १९७४ चा.” पाण्याचा घोट घेतात. “पण त्याला आधी नावावर जमीन लागते.”

संध्याकाळी ५:०५

टायपिस्टच्या टेबलाशी. सहा पानं. टायपिस्ट काका वयस्क आहेत, बोटं अजून झपाट्यानं चालतात. ताई उभ्या राहून स्क्रीनवर वाचतात, चुका तिथेच दुरुस्त होतात. एका जागी ‘भिल्ल’ लिहिलंय. ताई थांबवतात. शासनाच्या यादीत नोंद ‘भिल’ आहे, तसंच लिहा. एक जोडाक्षर जास्त झालं की जात तपासणी समितीपुढे अर्धा तास जातो.

मग चौसष्ट पानांची झेरॉक्स.

५:५० ला फोन येतो. पोरगा सुटला. आई दाराबाहेरच उभी होती. ताई ऐकतात, “जेवू घाला त्याला आधी, उद्या बोलू,” म्हणतात आणि फोन ठेवून झेरॉक्सची पानं मोजतात.

संध्याकाळी ६:१५

परतीची एसटी भरलेली. अर्धा तास उभं, मग राजूरच्या अलीकडे जागा मिळते. वहीत हिशेब.

आवक: एका नोटिशीचे ८००, दिवाणी तारखेचे ५००. खर्च: टायपिंग २४०, झेरॉक्स १२८, रिक्षा दोनदा ४०, चहा ३०. तिकिटं सोडून ४३८. जामिनाचे काही नाहीत. पोराच्या आईनं दीडशे पुढे केले होते, ते घेतले नाहीत. गायरानाच्या नऊ घरांनी मिळून हजार द्यायचं कबूल केलंय, ऊसतोडीवरून माणसं आली की. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये टनाला २७४ वरून ३६६ झाला. पण मुकादमाची उचल आधी फिटते.

खिडकीबाहेर हरभऱ्याच्या सोंगलेल्या काड्यांचे ढीग. ताई पंधरा मिनिटं झोपतात, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर.

रात्री ८:१०

माय परत आलेली. दिवसाचे तीनशे मिळाले. तिनं पिठलं केलंय. अण्णा सांगतात, मालकाला नाही म्हणून कळवलं. कुणी त्यावर बोलत नाही. ताई त्यांच्या ताटात जास्तीचं पिठलं वाढतात.

रात्री ९:००

जाफराबाद तालुक्यातून एक बाई आणि तिचा नवरा मोटारसायकलवर आलेत. बाई ग्रामपंचायत सदस्य आहे. अनुसूचित जमाती महिला राखीव जागेवर निवडून आली. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर सदस्यत्व आपोआप जातं, कायद्यात तसं कलम आहे. संभाजीनगरच्या तपासणी समितीपुढे गुरुवारी तारीख. दुपारचं वाक्य आता कळतं. ज्या जिल्ह्यात राखीव जागा बोटांवर मोजण्याएवढ्या, तिथे जिंकलेली एक जागा कागदावाचून जाऊ द्यायची नाही.

नवरा पत्र्याची पेटी उघडतो. ताई जमिनीवर चादर अंथरतात आणि कागद ओळीनं मांडतात. मुलाचा शाळेचा उतारा, २०१२. नवऱ्याचा काही उपयोगाचा नाही, बाईच्या माहेरचे लागतात, वडिलांकडचे. वडिलांचा उतारा, १९७१, जात ‘भिल’. हा चांगला. पण अनुसूचित जमातीसाठी मानीव दिनांक ६ सप्टेंबर १९५०. त्याच्या आधीचा एक कागद सापडला तर बाकीच्यांचं वजन वाढतं.

पेटीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कागद. तहसीलच्या अभिलेखातून काढलेली नक्कल. अक्षरं उर्दू. निजामाच्या राज्यातलं दप्तर. वर साल १३४८ फसली. ताई ५९० मिळवतात. १९३८-३९. त्यांना थोडी उर्दू अक्षरं लागतात, याच कामासाठी शिकल्या. बोट ठेवून हळूहळू वाचतात. बाईच्या आज्याचं नाव. गावाचं नाव. जागलीची नोंद. आणि पुढे चार अक्षरं, बे, हे, ये, लाम जोडून. “भील,” त्या म्हणतात.

बाई पुढे वाकते. “आमच्या आज्याचं नाव सरकारात हाये?”

“आहे.”

हैदराबाद राज्यासाठी १९५० मध्ये जी यादी निघाली तिच्यात भिल होतेच. म्हणजे साखळी जुळते. भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागेल, त्याचे पैसे लागतील. दक्षता पथक घरी येऊन देव विचारील, लग्नातल्या रीती विचारील. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलंय की रीतिभातींची ती परीक्षा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, जुने कागद मोठे. तरी तयारी करायची.

“मी बोलू का तिथं, का तुमीच?” बाई विचारते.

“तुम्हीच बोलायचं. सदस्य तुम्ही आहात. नाव सांगा.”

बाई नवऱ्याकडे बघते. मग नाव सांगते, वडिलांचं, आज्याचं, गावाचं.

“आता परत. त्यांच्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा.”

परत सांगते. या वेळी अण्णा खाटेवरून मान हलवतात.

“मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा,” ताई सांगतात. “लॅमिनेशन करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. गुरुवारी सकाळी सव्वासहाला फाट्यावर. भाकरी बांधून आणा, तिथं दिवस जातो. तुमचं तिकीट अर्धं, ह्यांचं पूर्ण. सुट्टे पैसे घेऊन या.”

नवरा पेटी बांधायला लागतो. ताई उर्दूतला कागद मात्र आपल्याकडे ठेवून घेतात, त्याची पोच पावती लिहून देतात, आणि बाईच्या हातात पेन देतात. सही येते तिला. हळू येते. ताई थांबतात.